पाखरांना फी भरावी लागत नाही

रात्री झोप लागत नाही तेव्हा मी फोनवर एसआयपीचा कॅल्क्युलेटर उघडते. महिन्याला इतके हजार, बारा टक्के परतावा, तीस वर्षं. बोटाने पट्टी उजवीकडे सरकवत न्यायची की खालचा आकडा फुगत जातो. मग त्यातून महागाई वजा करायची, घराचा हप्ता धरायचा, आईचं आजारपण धरायचं, नोकरी गेली तर काय, तेही धरायचं. फुगलेला आकडा आटतो. पुन्हा पट्टी सरकवायची. असं करता करता तीन वाजतात. या कॅल्क्युलेटरने मला आजवर एकदाही झोप आणलेली नाही, तरी मी तो उघडतेच.

त्या पडद्यावर सगळं बदलता येतं : रक्कम, टक्के, वर्षं. एकच प्रश्न तिथे विचारलेला नसतो. तीस वर्षांनी ते पैसे घ्यायला मी असेन का? माझं असणं गृहीतच धरलेलं असतं.

माझी आजी हे कधीच गृहीत धरत नसे. आजच्या अहिल्यानगरच्या, म्हणजे तिच्या अहमदनगरच्या, जुन्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातली ती. उद्या दळण आणायचं असलं तरी म्हणायची, "देवाने ठेवलं तर उद्या आणू." नाताळला येशील ना, असं विचारलं तरी उत्तर तेच : "देवाने ठेवलं तर." आम्हा भावंडांना याचं हसू यायचं. दळणाला देवाची परवानगी कशाला? फार नंतर कळलं की ही तिची एकटीची लकब नव्हती. जुन्या ख्रिस्ती लोकांच्या इंग्रजी पत्रांत 'डी.व्ही.' अशी दोन अक्षरं सापडतात. 'देओ व्होलेन्ते' या लॅटिन शब्दांचा तो संक्षेप. देवाची इच्छा असल्यास. अमुक तारखेला पोहोचतो, डी.व्ही. मुसलमान शेजारी 'इन्शाअल्लाह' म्हणतात, त्याच जातीचं हे बोलणं.

उद्याची चिंता करू नये आणि आयुष्य थोडकं आहे हे विसरू नये, ही ख्रिस्ती शिकवण आजीच्या त्या तीन शब्दांत मावलेली होती. मी काही नेमाने चर्चला जाणाऱ्यांपैकी नाही. तरी या शिकवणीशी माझं एक जुनं भांडण आहे. एकेकाळी ती मला चक्क क्रूर वाटली होती.

चहाचे कप

मी बारावीत होते तेव्हा पप्पांची कंपनी बंद पडली. एमआयडीसीतला मध्यम आकाराचा कारखाना. आधी तीन महिने पगार थकला. मग एका सकाळी गेटला कुलूप दिसलं. थकलेला पगार कधीच मिळाला नाही.

पुढच्या आठवड्यात मंडळीतले काही जण घरी प्रार्थनेला आले. चर्चच्या सभासदांना आमच्याकडे 'मंडळी' म्हणतात. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय काढला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला तो भाग ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाही ओळखीचा असतो. खाण्यापिण्याची, कपड्यालत्त्याची चिंता कशाला करता? शेती न करणाऱ्या पाखरांनाही देव खाऊ घालतो, रानफुलांना शलमोन राजाहून देखणी वस्त्रं देतो, मग तो तुम्हाला विसरेल का? असा त्याचा आशय.

आईने डोळे मिटून 'आमेन' म्हटलं. सगळ्यांना चहा दिला. सगळे गेल्यावर मोरीत कप विसळता विसळता, कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "पाखरांना फी भरावी लागत नाही."

माझ्या क्लासच्या फीचा दुसरा हप्ता बारा दिवसांवर आला होता.

त्या वाक्यात देवाचा राग नव्हता. हिशेब होता. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. ज्याचा उद्या खरोखरच डळमळीत आहे, त्याला 'चिंता करू नकोस' असं सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? ज्याची पेन्शन चालू आहे त्याला? ज्याचं घर बापाने बांधून ठेवलंय त्याला? आता तर हा उपदेश चर्चपुरताही उरलेला नाही. आजमध्ये जगा, सोडून द्या, विश्वावर भरवसा ठेवा, असं मागे समुद्र आणि हलकं संगीत लावून आपल्याला रोज कुणी ना कुणी सांगतं. सांगणाऱ्याचं भाडं बहुधा भरलेलं असतं.

डोंगरावर कोण बसलं होतं?

माझी पहिली चूक अशी होती की बोलणारा आणि ऐकणारे कोण होते, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिल्या शतकातला गालील. राज्य हेरोद अंतिपाचं आणि त्याच्या वर रोम. ऐकायला बसलेले लोक म्हणजे लहान शेतकरी, सरोवरावरचे कोळी आणि रोजंदारीवर जगणारे. येशूने सांगितलेल्या एका गोष्टीत मजूर बाजारात काम मिळण्याची वाट पाहत उभे आहेत. काहींना सकाळीच काम मिळतं. काही जण दिवस कलायला आला तरी तिथेच उभे असतात, कारण त्यांना कुणी नेलेलंच नाही. दिवसाची मजुरी एक दिनार. आपल्या शहरांत सकाळी नाक्यावर हत्यारांच्या पिशव्या घेऊन उभी असलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. बोलणारा स्वतः सुतार होता आणि त्याच्या नावावर घर नव्हतं. म्हणजे भरल्या पोटाने उपाशी माणसाला केलेला हा उपदेश नव्हता. ज्यांना उद्याची मजुरी मिळेल की नाही हे माहीत नाही, अशांचं आपसातलं हे बोलणं होतं.

दुसरी गोष्ट त्याने दिलेल्या दाखल्यांची. लूकच्या शुभवर्तमानात हाच उपदेश येतो, तेव्हा 'पाखरं' या मोघम शब्दाच्या जागी कावळे येतात. यहुदी नियमशास्त्रात कावळा अशुद्ध. कुणी कौतुकाने पाळावा असा पक्षी नाही. फुलं सुंदर खरी, पण ती आज रानात आहेत आणि उद्या चुलीत जाणार आहेत, हे येशू त्याच वाक्यात सांगून टाकतो. त्या मुलखात लाकूड कमी, वाळलं गवत जळणाला वापरत. दुसऱ्या एका ठिकाणी तो चिमण्यांबद्दल बोलतो. बाजारात त्या एका नाण्याला दोन मिळतात. लूककडे भाव थोडा वेगळा आहे : दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी फुकट, वरकड. देव तिलाही विसरत नाही, असं तो म्हणतो. ती विकली जाणार नाही किंवा मरून पडणार नाही, असं मात्र म्हणत नाही.

हे लक्षात आलं तेव्हा मी थबकले. धीर देण्यासाठी निवडलेल्या या दाखल्यांत मरण आधीच येऊन बसलेलं आहे. आणि तो उपदेश संपतो तो 'सगळं ठीक होईल' या आश्वासनावर नाही. प्रत्येक दिवसाला त्याचा त्याचा त्रास पुरेसा असतो, अशा रोखठोक बोलण्यावर तो संपतो. म्हणजे उद्या त्रास असणार आहे, हे मान्यच आहे. सांगणं एवढंच, की तो आज आणून आजच्या त्रासात मिसळू नका.

दिवसाचं माप

बायबल उघडून बसलं की हे 'एका दिवसाचं माप' जागोजागी दिसतं. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात असताना त्यांना मान्ना नावाचं अन्न मिळतं, ती गोष्ट निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. ज्याने त्याने त्या दिवसापुरतं गोळा करायचं. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवलं, तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दोन दिवसांचं गोळा करायला मुभा होती. म्हणजे साठवायला सरसकट बंदी नव्हती. उरलेल्या दिवसांत मात्र एकाने जास्त घेऊन ठेवण्याची सोय नव्हती.

मजुरीचा कायदाही दिवसाच्याच मापाने मोजलेला. गरीब मजुराचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो, असं अनुवादाच्या पुस्तकात सांगितलं आहे.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्यात रोजच्या भाकरीचं मागणं आहे. तिथे 'रोजची' यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'एपिऊसिओस' असा शब्द आहे. तो इतका दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या विद्वानालाही वाटलं, हा शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा. आजची, गरजेपुरती की येणाऱ्या दिवसाची, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. पण महिन्याचं किंवा वर्षाचं धान्य त्यात कुणालाच दिसलेलं नाही. आणि सर्वनामाबद्दल तर वादच नाही. ती भाकर 'आमची' आहे. 'माझी' असा शब्द त्या प्रार्थनेत कुठेच येत नाही.

नव्वदाव्या स्तोत्रातही माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, फार तर ऐंशी, असं म्हणून झाल्यावर कवी देवाला विनवतो की आम्हाला आमचे दिवस मोजायला शिकव. वर्षं मोजायला कॅल्क्युलेटर शिकवतोच. सत्तर वर्षांचे दिवस साडेपंचवीस हजारांच्या थोडे वर भरतात. माझ्या वयाला त्यातले अकरा हजारांहून जास्त खर्चून झाले. हा आकडा पाहून भीती वाटेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात थोडं हलकंच वाटलं. तीस वर्षं पेलायला मला जमत नाही. एक दिवस जमण्याची शक्यता आहे.

डेन्मार्कचा तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार या रानफुलांकडे आणि पाखरांकडे आयुष्यभर परत परत येत राहिला. त्याच्या सात भावंडांच्या कुटुंबातली पाच मुलं चौतिशीच्या आत गेली होती. आपणही चौतीस ओलांडणार नाही, अशी त्याची जवळजवळ खात्री होती. 1847 साली चौतिसावा वाढदिवस उजाडला तेव्हा तो चकित झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या प्रवचनांचं एक पुस्तक निघालं. त्यात त्याने होडीचं उदाहरण दिलं आहे. वल्ही मारणाऱ्याची पाठ तो ज्या किनाऱ्याकडे चाललेला असतो त्या किनाऱ्याकडेच असते. उद्याशी माणसाचं नातंही तसंच असावं. सारखं वळून किनारा बघत बसलं तर वल्हं नीट पडत नाही. मला या उदाहरणात एक गोष्ट फार आवडते. होडी वल्हवणारा आळशी नसतो. तो किनाऱ्याकडेच चाललेला असतो.

दोन कोठारं

पण मग विमा काढायचा नाही? पैसे साठवायचे नाहीत? एमपीएससीला बसायचं, तर पुढच्या वर्षीचा विचार करायचा नाही?

लूककडे कावळ्यांच्या आधी लगेच एक गोष्ट येते. एका श्रीमंत शेतकऱ्याला अमाप पीक येतं. कोठारं अपुरी पडतात. तो ठरवतो, जुनी पाडून मोठी बांधू, सगळा माल भरून ठेवू आणि मग कैक वर्षं आरामात खाऊ-पिऊ. त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. ही गोष्ट वाचताना आपण 'मरण कधीही येतं' एवढाच बोध घेतो. जरा लक्ष दिलं तर आणखी एक दिसतं. तो माणूस साऱ्या गोष्टीत फक्त स्वतःशी बोलतो. बायको नाही, मजूर नाही, शेजारी नाही. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव.

आता याच्या शेजारी उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ ठेवा. मिसरमध्ये सात वर्षं सुकाळ, पुढची सात दुष्काळ, असं ओळखून तो सुकाळातलं धान्य शहराशहरांत साठवून ठेवतो. चौदा वर्षांचं नियोजन! बायबल त्याला शहाणा म्हणतं. कोठारं दोघांनीही बांधली. एकाची एका माणसासाठी होती, दुसऱ्याची दुष्काळात येऊन उभ्या राहणाऱ्या सगळ्यांसाठी. योसेफाचे भाऊ तिथेच धान्य मागायला आले. त्यांनी त्याला विकलं होतं.

(योसेफाच्याही हिशेबाला एक काळी बाजू आहे. धान्याच्या बदल्यात शेवटी लोकांची गुरं आणि जमिनी फारोकडे गेल्या. कोठार सगळ्यांसाठी असलं तरी त्याची किल्ली कुणाकडे, हा प्रश्न उरतोच.)

एक शब्द, दोन अर्थ

मत्तयच्या त्या उताऱ्यात चिंता करण्यासाठी 'मेरिम्नाओ' हे ग्रीक क्रियापद आहे. दहा ओव्यांत ते सहा वेळा येतं. हेच क्रियापद पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सापडतं. पौल तेव्हा कैदेत होता. आपण जगू की मरू, हे त्यालाही माहीत नव्हतं. पत्राच्या चौथ्या अध्यायात तो कशाचीही चिंता करू नका म्हणतो. आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याची शिफारस करताना म्हणतो, की तुमची मनापासून चिंता वाहील असा याच्यासारखा दुसरा माणूस माझ्याजवळ नाही. दोन्हीकडे क्रियापद तेच. करिंथ इथल्या मंडळीला लिहिताना तो शरीराच्या अवयवांचं उदाहरण देतो आणि सांगतो, की त्यांनी एकमेकांची चिंता वाहावी. तिथेही तेच क्रियापद.

मला हे वाचून आधी गोंधळायला झालं, आणि मग हसू आलं, कारण मराठीने हे कोडं कधीच सोडवून ठेवलं आहे. आपल्याकडे 'काळजी' हा एकच शब्द आहे. 'काळजी करू नकोस' असं आपण म्हणतो आणि त्याच फोनच्या शेवटी 'काळजी घे' असंही म्हणतो. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

या शिकवणीचा गाभा मला इथे सापडल्यासारखा वाटतो. माणसाच्या आतली काळजी काढून टाका, असं ती सांगतच नाही. ती काढता येत नाही हे तिला ठाऊक असावं. ती काळजीची दिशा बदलायला सांगते. माझ्या उद्याकडे लागलेली नजर दुसऱ्याच्या आजकडे वळवायला सांगते.

देव बघून घेईल, हा भरवसा या शिकवणीतून काढून टाकता येत नाही. काढला तर ती येशूची उरणारच नाही. पण देव बघून घेतो म्हणजे कसा, हेही बायबल सांगतं. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला आधी कावळे अन्न आणून देतात. मग ओढा आटतो. त्यानंतर त्याला जेवू घालते ती सारफथची एक विधवा. तिच्या मडक्यात मूठभर पीठ उरलेलं असतं. चमत्कार त्या गोष्टीत आहेच, पण तो तिने भाकर करायला घेतल्यावर सुरू होतो.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. ज्याला छातीत धडधड होऊन श्वास लागत नाही, महिनोन्‌महिने झोप नाही, त्याचा त्रास हा विश्वासाचा तुटवडा नाही. तो आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो. अशा माणसाला बायबलमधली वचनं सुनावणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

वाफ

आजीचे ते तीन शब्द याकोबाच्या पत्रातून आले होते. चौथ्या अध्यायात तो काही व्यापाऱ्यांची चेष्टा करतो. आज ना उद्या अमक्या शहरी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, नफा मिळवू, असा त्यांचा बेत असतो. उद्याचं तुम्हाला काय कळतं, असं तो त्यांना विचारतो. तुम्ही तर वाफ आहात, क्षणभर दिसून विरून जाणारी. म्हणून देवाची इच्छा असेल तर अमुक करू, असं म्हणत जा.

वाफेची ही कल्पना जुनीच आहे. उपदेशकाच्या पुस्तकात 'व्यर्थ' असं भाषांतर होत आलेला हिब्रू शब्द 'हेवेल', त्याचा मूळ अर्थही श्वास, वाफ. आदाम आणि हव्वेच्या धाकट्या मुलाचं नाव हाबेल, तेही याच अक्षरांचं. बायबलमध्ये सर्वांत आधी मरतो तो तोच.

पण याकोब वाफेपाशी उसासा टाकून थांबत नाही. पुढच्याच काही ओळींत तो श्रीमंतांकडे वळतो आणि म्हणतो, की तुमच्या शेतात कापणी केलेल्या मजुरांची तुम्ही दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. आज आपण तिथे पाचवा अध्याय सुरू करतो, म्हणून हा दुसरा विषय वाटतो. मूळ पत्रात अध्याय नव्हते. ती विभागणी तेराव्या शतकातली. सलग वाचलं की दोन्ही मिळून एकच आरोप होतो. तुम्ही वर्षभराच्या नफ्याचे बेत करता आहात आणि माणसाची आजची मजुरी तुमच्या खिशात आहे.

हे वाचलं आणि मला पप्पांचे तीन महिन्यांचे पगार आठवले. कारखान्याच्या मालकाकडे पुढच्या काही वर्षांची योजना असणारच. आमचा आज वापरून कुणीतरी आपला उद्या पक्का करत होतं. आयुष्य थोडकं आहे, ही जाणीव माणसाला अंतर्मुख करते असं म्हणतात. याकोबाच्या लेखी तिने माणसाला आधी देणी चुकवायला लावलं पाहिजे.

याच याकोबाने त्याच पत्रात आधी एक प्रश्न विचारून ठेवला आहे. कुणापाशी अंगभर कपडे नाहीत, पोटाला नाही, आणि तुम्ही त्याला नुसतं 'सुखी राहा, ऊब घ्या, पोटभर जेवा' म्हणून वाटेला लावलंत, तर त्याचा काय उपयोग? आईच्या मोरीतल्या वाक्याला एवढं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालं नाही. तो आईच्याच बाजूने उभा आहे.

केडगावची जमीन

हे सगळं प्रत्यक्ष जगलेलं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि मोठी बहीण 1870च्या दशकातल्या उपासमारीत, वणवण करताना गेली. 1880मध्ये भाऊ गेला, 1882मध्ये नवरा. तान्ही मनोरमा तेवढी उरली. उद्याचा भरवसा नसतो, हे या बाईला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

तरी रमाबाई नियोजन करणाऱ्या होत्या. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांसाठीच ठरलेली होती. ती संपल्यावर संस्था आपल्या पायावर उभी राहावी, म्हणून त्यांनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली आणि फळबाग लावली. अगदी शहाणा, लांबचा विचार. मग 1896-97चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली, बायका भुकेने मरत होत्या, काही विकल्या जात होत्या. रमाबाई तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास जणींना घेऊन आल्या. फळबागेच्या त्या जमिनीवरच त्यांची सोय झाली. पुढे तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. 1900च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या वर गेली.

उत्पन्नासाठी घेतलेली जमीन माणसांनी भरून गेली. हिशेब मोडला असं म्हणायचं, की जमीन खऱ्या कामी आली असं? त्यांच्या शेवटच्या वर्षांतही उद्याने दगा दिलाच. ज्या मनोरमेवर संस्था सोपवायची होती, ती 1921मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये गेल्या. तोवर हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत बायबल आणण्याचं काम रोज थोडं थोडं करत त्यांनी संपवलं होतं.

हप्ता

माझ्या फीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

त्या दिवशी प्रार्थनेला आलेल्यांत एक काकू होत्या. रिटायर झालेल्या नर्स. प्रार्थनेत त्या काही बोलल्या नव्हत्या. दोन दिवसांनी संध्याकाळी एकट्याच आल्या आणि आईला म्हणाल्या, "किती भरायचेत आणि किती कमी पडतात, तेवढं सांग." अर्धे पैसे त्यांनी दिले. उरलेले अर्धे आईने व्याजाने आणले आणि ते फेडायला दोन वर्षं गेली. सगळं ठीक झालं नाही. पप्पांना पुन्हा कायमची नोकरी मिळाली नाही. सहा वर्षांनी ते झोपेतच गेले. त्यांच्या डायरीत पुढच्या मार्चपर्यंतच्या कामांची यादी होती. गच्चीची गळती, आईचा चष्मा, माझ्या लग्नासाठी म्हणून एक आरडी.

नोकरी लागल्यावर मी काकूंना पैसे परत द्यायला गेले. त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "मला कशाला? कुणाची तरी फी अडली असेल." मी हो म्हटलं. पैसे परत बँकेत टाकले आणि नंतर त्यांचीही एक एसआयपी झाली.

परवा रात्री पुन्हा तो कॅल्क्युलेटर उघडून बसले होते. पट्टी तीस वर्षांवर नेली. आणि एकदम आठवलं, आज सहा तारीख. कामाला येणाऱ्या मावशींचा पगार मी अजून दिलेला नाही. त्यांनी दोन दिवसांपूर्वी दारात चप्पल घालता घालता विचारलं होतं, "ताई, या महिन्याचं...?" मी मीटिंगमध्ये होते. हाताने 'उद्या' अशी खूण केली होती.

सूर्य मावळून पाच दिवस झाले होते.

सकाळी त्या आल्या तेव्हा आधी पैसे दिले. धाकट्या मुलाच्या परीक्षेची फी भरायची होती, ती आता भरते म्हणाल्या. माझी काळजी त्यामुळे संपली असं काही नाही. घराचा हप्ता आहे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आणि कॅल्क्युलेटरही फोनमध्ये आहेच. काकूंचे पैसे मात्र या आठवड्यात बाहेर काढायचे आहेत. देवाने ठेवलं तर.